पाडव्यापर्यंतचं संत्र्याचं झाड

यंदाच्या फेब्रुवारीची एक तारीख, रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम चौदाशे रुपये ठरली, त्यातले तीनशे आगाऊ दिले. हजर होतो चौघं: मी, माझा नवरा, माझे सासरे आणि झाडं तोडणारा माणूस. जागा आमच्या घरासमोरचं अंगण, अमरावती.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आमच्याकडच्या सुना तसंच म्हणतात. तोडायचं होतं ते संत्र्याचं झाड मामाजींचं. अचलपूरकडे त्यांची दोनशे चाळीस झाडांची बाग होती. सात वर्षांपूर्वी शेती धाकट्या दिरांकडे सोपवून ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा स्वतः बांधलेलं एक कलम गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून घेऊन आले. चार वर्षांपूर्वी दिरांनी बाग काढून सोयाबीन पेरलं. तेव्हापासून मामाजींच्या हातचं असं हे एकच झाड उरलं होतं. बाग गेली तसे मामाजी आमच्या झाडाभोवतीचं आळं रोज खुरप्याने भुसभुशीत करायला लागले.

आमचं अंगण एकोणीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद. झाड फाटकापासून दहाव्या फुटावर. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी घेतली, ती बारा फुटांची. म्हणजे झाड आहे तोवर गाडी बाहेर गल्लीत. गल्लीत समोरच शिकवणी वर्ग आहे. संध्याकाळी पाच वाजता तिथे चाळीस-पन्नास दुचाक्या लागतात आणि साडेसहाला सगळ्या एकदम निघतात. जानेवारीअखेर गाडीवर तीन ओरखडे होते. नवऱ्याने महानगरपालिकेत झाड तोडायचा रीतसर अर्ज केला होता आणि परवानगीचा कागदही आला होता.

तोडणाऱ्याने झाडाभोवती एक चक्कर मारली आणि बुंध्यावर तळहात आपटला.

"झाड तं जवान हाय, बावाजी. तोडता कावून?"

"मले काय इचारतं? मालकाले इचार." मामाजींनी मुलाकडे बोट केलं.

नवरा म्हणाला, "सात वर्षं झाली. एक फूल नाही. विश्वास नसेल तर हिला विचारा, हिच्या वहीत सगळं आहे."

माझी बागेची वही आहे, हे खरं. काय कधी पेरलं, किती दिवसांनी उगवलं, किती निघालं, हे मी लिहून ठेवते. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि आकडे लिहायची सवय घरीही सुटत नाही. त्या दिवशी मी वही आणली आणि उभ्याउभ्या वाचून दाखवलं. संत्रा, उंची अकरा फूट, पालवी भरपूर, फूल शून्य. आदल्या वर्षी शून्य. त्याच्या आदल्या वर्षी शून्य. संत्र्याला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरायला हवं, हे मामाजींनीच कधीतरी सांगितलेलं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. तेही वाचलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहीत शून्य हाय तं हाय. पन झाड अजून ताणावर हाय. पाडव्यापर्यंत थांब. फूल नाई दिसलं तं दुसऱ्या दिवशी मी सोता दोर धरतो."

ताण म्हणजे काय ते सांगते. संत्र्याला हिवाळ्यात महिना-दीड महिना पाणी तोडतात. पानं मलूल होऊन गळायला लागली की ताण बसला असं समजतात, आणि मग पाणी सोडतात. त्या पाण्याबरोबर झाड फुलावर येतं. पाणी तोडलंच नाही तर झाड नुसती पानं काढत बसतं. मामाजी दर डिसेंबरात नळी गुंडाळून खिळ्याला टांगायचे आणि संक्रांतीला उतरवायचे. यंदा मात्र संक्रांत होऊन गेली तरी नळी खिळ्यालाच होती. मी विचारलं तर म्हणाले, "पान मलूलच होऊन नाई राहिलं. कशावर पाणी सोडू? बेशरम झाड हाय."

नवरा पाडव्याला कबूल झाला. तोडणाऱ्याला वीस मार्च सांगितली. जाताना तो मामाजींना म्हणाला, "दोर माह्याजवळ हाय बावाजी, तुमी फक्त चहा पाजा." आणि गेला.

फेब्रुवारी हा माझ्या बागेतला सगळ्यात कामाचा महिना. थंडी उतरते, कडुनिंबाची पानं पिवळी होऊन अंगणभर पडतात आणि करायच्या गोष्टींची रांग लागते. मी रोज सकाळी सहा ते सात बागेत असते, मग डबे, मग ऑफिस. दोन तारखेला मोगऱ्याच्या तिन्ही कुंड्या छाटल्या आणि त्यांची पानं हाताने ओरबाडून काढली. तीन तारखेला फुलावर गेलेली मेथी उपटून त्या जागी दोडक्याच्या आठ बिया लावल्या. चार तारखेला, बुधवारी, अळूचा वाफा काढायला घेतला. अळूचे कंद दोन वर्षांनी वेगळे करावे लागतात, नाहीतर पानं लहान पडतात.

या अळूबद्दल थोडं सांगायला हवं. माझं माहेर अकोल्याचं. माझ्या लहानपणी आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा यायचा, कधी नवव्या दिवशी. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला आणि फरशीचं झाडांना, असा घरचा क्रम होता. लग्न होऊन अमरावतीला आले त्याला चोवीस वर्षं झाली, पण कुठे नळ ठिबकताना दिसला की अजून माझा हात चावीकडे जातो. सहा वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. एक लिटर पाणी द्यायला ते तीन लिटर बाहेर टाकतं, हे कळल्यावर मला दोन दिवस चैन पडली नाही. बादली लावून मोजलं तर रोजचे बेचाळीस लिटर निघाले. मी प्लंबरला सांगून ती पांढरी नळी खिडकीखालून बाहेर काढली आणि भिंतीलगत तीन फूट बाय दोन फुटांचा वाफा करून त्यात अळू लावलं. अळूला ओल लागतेच. पाणी वाया जाणं थांबलं आणि दर पंधरवड्याला अळूवड्या होऊ लागल्या. शेजारच्या तीन घरांत पानं जायची. घरातली ही माझी सगळ्यात यशस्वी योजना, असं मी कोणी विचारलं तर सांगायचे, आणि न विचारताही.

त्या बुधवारी वाफ्यात खुरपं अडकलं. दगड असेल म्हणून मी बाजूने उकरलं. दगड नव्हता, मूळ होतं. करंगळीपेक्षा जाड, पिवळट, ओलं, आणि त्याला केसांसारख्या बारीक मुळ्यांचा झुपका. अळूचं मूळ असं नसतं. मी आणखी उकरलं तर तशीच चार मुळं, सगळी एकाच दिशेने आलेली. दिशा संत्र्याची. टेप आणून मोजलं. बुंध्यापासून वाफ्याची कड पाच फूट चार इंच.

मी उकिडवी बसून होते आणि माझ्या डोक्याशेजारी पांढऱ्या नळीतून पाणी ठिबकत होतं. मामाजी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी ती मुळं परत चिखलात दाबून वर अळू लावलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. हे इथे लिहिते, कारण तेवढा विचार माझ्या मनात येऊन गेला. नंतर मी हाक मारली.

"मामाजी, हे पाहा बरं."

ते आले. तुटलेला एक तुकडा हातात घेतला, नखाने साल खरवडली, वास घेतला.

"संत्र्याचं हाय." मग त्यांनी नळीकडे पाहिलं. "हे पाणी कुठचं?"

"मशीनचं. वाया जातं ते."

"रोज?"

"रोज. बेचाळीस लिटर."

"थंडीतबी?"

"थंडीत पस्तीस."

मामाजी ओट्याच्या पायरीवर बसले. मी मनात गुणाकार केला. पंचेचाळीस दिवसांच्या एका ताणात पंधराशे पंचाहत्तर लिटर. तो आकडा मी मोठ्याने म्हणाले नाही.

"म्हंजे," मामाजी सावकाश म्हणाले, "सहा वर्षं मी पुढून झाडाले उपाशी ठेवून राहिलो, अन् तू मागून जेवू घालून राहिली."

"मला नाही हो सुचलं कधी."

"मले कोठं सुचलं? दोनशे चाळीस झाडं सांभाळली म्या. पन मळ्यात कोनाचं स्वैपाकघर नसते." त्यांनी मुळाचा तुकडा पायरीवर ठेवला. "अन् अळूवड्या तं मीच खाल्ल्या. कोनाले बोलू?"

संध्याकाळी नवरा आल्यावर मी सगळं सांगितलं, नळीसकट आणि लिटरांसकट. वहीतली शून्यं झाडाची नव्हती, माझी होती, हेही सांगितलं. कारण रविवारी झाडावर फैसला झाला तो त्याच वहीवरून.

"मग मुदत वाढवा," मी म्हटलं. "या पाडव्याऐवजी पुढच्या वर्षीचा पाडवा करा."

नवरा बूट काढत होता. "पुढच्या वर्षापर्यंत गाडीचा पत्रा उरेल का? आज चौथा ओरखडा पडला. ये, दाखवतो."

बाहेरच्या खोलीतून मामाजींचा आवाज आला. "मुदत मांगून राहिली कोन? पाडवा म्हटलं तं पाडवा."

"अहो मामाजी, चूक माझी आहे."

"चूक तुयी, झाड माहं, शब्दबी माहा. तू फक्त थे नळी बंद कर."

हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला. पुढच्या बाजूची मुळं डिसेंबरपासून कोरडीच आहेत. ओल फक्त वाफ्याकडच्या मुळांना मिळते आहे. ती तोडली तर वीस दिवसांत ताण बसेल. मग पाणी, आणि पाण्यानंतर तीन आठवड्यांनी फूल. चार फेब्रुवारी, चोवीस फेब्रुवारी, सतरा मार्च. पाडवा एकोणीसला. मी आकडे वहीत उतरवले. दोन दिवस शिल्लक राहत होते.

नळी आत घेऊन बादलीत सोडली. ते पाणी फरशीला आणि संडासात वापरायचं ठरलं. अळूचे कंद मी बाहेर काढून कुंडीत लावले; दुसऱ्या दिवशीच त्यांची पानं लोंबायला लागली. कुंडी झाडापासून दूर, गच्चीवर नेऊन ठेवली. तरी तिला पाणी देताना मामाजींनी मला दोनदा टोकलं. "खाली थेंब नको पडू देऊ वं. हे झाड थेंबावर जगते, आता समजलं ना?"

पाचव्या दिवशी झाडाला काही फरक नव्हता. दोडक्याच्या आठपैकी सहा बिया वर आल्या होत्या. नवव्या दिवशी दुपारी संत्र्याची पानं मधल्या शिरेवर दुमडली आणि संध्याकाळी पुन्हा उघडली. बाराव्या दिवशी महाशिवरात्र होती, मी घरी होते. दुपारी तीनला पाहिलं तर पानं दुमडलेली, संध्याकाळी सातलाही तशीच. मामाजी उपवासाची केळी खात ओट्यावर बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली. चौदाव्या दिवशी खालच्या फांद्यांची पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज सकाळी मी ती मोजून उचलायचे. अकरा. एकोणतीस. चौतीस.

आता झाड खरोखरच वाईट दिसत होतं. ऑफिसला निघताना नवरा फाटकापाशी थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, थोडं पाणी टाकू का? मरून जाईल ते."

"तू तोडाले निघाला होता ना?" मामाजी म्हणाले. "मंग मरू दे की. करवतीचे पैसे वाचतीन."

नवरा फाटक लावून गेला. मला हसू आलं, पण मी ते स्वयंपाकघरात जाऊन हसले.

एकोणीस तारखेला, सोळाव्या दिवशी, दुपारपासून आभाळ भरून आलं. फेब्रुवारीत इकडे कधीकधी असं होतं. गहू आणि हरभरा शेतात उभा असताना अवकाळी येतो आणि शेतकरी आभाळाकडे बघत राहतात. त्या दिवशी आमच्या घरातही तेच झालं, एका झाडासाठी. मी साडेपाचला घरी पोचले तेव्हा मामाजी अंगणात उभे होते.

"अर्धा इंच जरी पडला," ते म्हणाले, "तं सोळा दिवस गेले पाण्यात."

घरात ताडपत्री एकच होती, आठ बाय सहाची, आणि तिला मधोमध भोक. मी ती बुंध्याच्या एका बाजूने पसरली. उरलेल्या बाजूला जुनी चादर टाकावी की काय असा मी विचार करत होते, तेवढ्यात वीज चमकली आणि पहिले थेंब पडले. मोठे थेंब, गरम मातीवर टप टप वाजणारे.

फाटक वाजलं. नवरा आला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, वर पाहिलं आणि परत बाहेर गेला. दोन मिनिटांनी तो आला तेव्हा त्याच्या हातात गाडीवरचं आच्छादन होतं. आच्छादन म्हणजे समोरच्या शिकवणीवाल्यांनी टाकून दिलेला दहा बाय आठचा फ्लेक्स. ओरखडे वाचवायला त्याने तो मागून आणला होता. त्यावर सोळा मुलामुलींचे चेहरे आणि प्रत्येकाखाली टक्के.

"धर तिकडून," तो मला म्हणाला.

आम्ही फ्लेक्स बुंध्याभोवती पसरला. मामाजींनी कडेने विटा ठेवल्या आणि पाणी फाटकाकडे वाहून जावं म्हणून खुरप्याने चर ओढला. पाऊस वीस-बावीस मिनिटं चांगला आला. आम्ही तिघं ओट्यावर उभे राहून पाहत होतो. फ्लेक्सवरून पाणी घसरून चरात जात होतं.

"शहाण्णव टक्के," मामाजी वाचत होते. "सत्त्याण्णव टक्के. पोट्टे हुशार हायेत, थेंब नाई घेऊन राहिले."

"गाडी भिजते आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"गाडीला काय फुलं यायची आहेत?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स उचलून मी तीन ठिकाणी खुरप्याने खणून पाहिलं. दोन ठिकाणी चार इंचांपर्यंत माती कोरडी, ताडपत्रीच्या भोकाखाली दीड इंच ओल. मामाजींनी तिथली माती उकरून उन्हात पसरली.

चोवीस तारखेला ताण मोडला. तोवर खालच्या फांद्यांची बरीचशी पानं गळली होती. माझ्या मोजणीत ती चारशे बारा भरली. मामाजींनी बुंध्यापासून चार फुटांवर गोल आळं केलं, त्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली टाकलं आणि खिळ्यावरची नळी उतरवली. पण नळी त्यांनी मला दिली.

"चार बादल्या. जास्त नाई. चार दिवसांनी आठ."

मी नळी बादलीत धरून मोजून चार बादल्या टाकल्या. पाणी क्षणभर आळ्यात उभं राहिलं आणि मग आत गेलं. मामाजी खुर्ची आणून तिथेच बसले, जेवायला बोलावेपर्यंत.

मार्चचा पहिला पंधरवडा बागेत जे व्हायचं ते झालं. होळीच्या आठवड्यात दोडक्याचे वेल मांडवाला लागले. त्यातला एक सात दिवसांत चौदा इंच चढला. मोगऱ्याला नवी पालवी आली. जास्वंदीवर पांढरा चिकट किडा पडला, तो साबणाच्या पाण्याने तीनदा धुतला. कडुनिंब तांबूस कोवळ्या पानांनी भरला. ऊन चढायला लागलं म्हणून कुंड्यांवर हिरवी जाळी बांधली. संत्र्याच्या काड्यांवर नऊ तारखेला पोपटी पालवी फुटली. सात वर्षं आम्ही पालवीच पाहत आलो होतो. मी वहीत "पालवी" लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

बारा तारखेला सकाळी पालवीच्या बगलेत मोहरीएवढे हिरवट मणी दिसले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मामाजींना बोलावलं. त्यांनी फांदी वाकवली, सोडली.

"पालवीच अशीन," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी झाडाजवळ जाणं बंद केलं. आळ्यातलं गवत मीच काढलं, पाणी मीच दिलं. ते ओट्यावर बसायचे ते तोंड गल्लीकडे करून. पंधरा तारखेला मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. सतरा तारीख आली आणि गेली, एकही फूल उमललं नाही. अठराच्या संध्याकाळी मी शिडी लावून मोजलं: त्रेसष्ट कळ्या. त्यातल्या आठ-दहा पांढऱ्या, पण बंद. मी नवऱ्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, "कळी म्हणजे फूलच की." मी ते मामाजींना सांगायला गेले तर ते म्हणाले, "फूल म्हटलं होतं. फूलच पायजे."

पाडव्याच्या सकाळी मी पाच वाजता उठले. गुढीला कडुनिंबाचा डहाळा लागतो, तो आणायला नवरा अंगणात गेला. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी दार उघडलं, तर तो डहाळा हातात घेऊन संत्र्याखाली उभा होता. मी ओट्यावरूनच ओळखलं. तो वास दुसऱ्या कशाचा नसतो.

"किती आहेत बघ," तो म्हणाला. "तुला मोजायचंच असेल."

मी मोजलं. अकरा उमललेली, बावन्न कळ्या.

मामाजी आंघोळ करून आले, गुढीला नमस्कार केला, कडुनिंबाची चटणी खाल्ली आणि मग, जणू सहज, झाडाकडे गेले. एक फूल त्यांनी न तोडता दोन बोटांनी धरून पाहिलं.

"तोंड कडू झालं," मला म्हणाले. "गूळ दे थोडा."

नवऱ्याने त्याच दुपारी गाडीसाठी चांगलं जाड आच्छादन मागवलं. बारा फुटी गाडीला चौदा फुटी मागवलं, ते मी नंतर बदलून घेतलं.

वीस तारखेला सकाळी नऊला झाडं तोडणारा ठरल्याप्रमाणे हजर झाला, करवत आणि दोर घेऊन. फाटकातूनच त्याने झाड पाहिलं.

"हे काय बावाजी? मंग मी कावून आलो?"

"चहा प्याले," मामाजी म्हणाले. "अन् सल काढाले."

सल म्हणजे वाळलेल्या काड्या. ताणात बऱ्याच वाळल्या होत्या, आणि कलमाच्या सांध्याखालून दोन रानटी फोक फुटले होते, तेही काढायचे होते. मामाजी खुर्ची झाडाखाली घेऊन बसले आणि दीड तास एकेक काडी बोटाने दाखवत राहिले. "थे नाई रे, थे जिती हाय. तिच्यामागची. तुया डोयाले चष्मा लागला काय?"

"बावाजी, तोडाले चौदाशे सांगितले होते, आता इतका त्रास देता तं सोळाशे लागतीन."

"सोळाशे कायचे? तू फक्त चहा पाजा म्हटलं होतं, थो पाजला."

आज हे लिहिते आहे तेव्हा एप्रिल संपत आला आहे. त्रेसष्ट फुलांपैकी एकतीस गळली. बत्तीस फळं धरली, त्यातली चौदा मागच्या आठवड्यातल्या उन्हाने पडली. अठरा आहेत, हरभऱ्याहून मोठी, बोराहून लहान. बहार उशिरा आला म्हणून मे महिना अवघड जाईल असं मामाजी म्हणतात. त्यांच्या हिशेबाने सहा टिकतील. मी वहीत त्यांचा आकडा पेन्सिलने लिहिला आहे. आधीची शून्यं मी खोडली नाहीत, फक्त प्रत्येकापुढे "अळूचं पाणी" असं लिहून ठेवलं.

वीस मार्चचा हिशेब राहिला. झाडं तोडणाऱ्याला आगाऊ दिलेले तीनशे त्याच्याकडेच राहिले, सल काढायचे वर दोनशे दिले. तो पाचशेत खूश झाला. मामाजींना मी विचारलं होतं, इतके दिवस राखण केली, तुम्हाला काय देऊ? ते म्हणाले, "दीड महिना झाला, अळूवड्या नाई खाल्ल्या." आमचे कंद तर गच्चीवर वाळून गेले होते. म्हणून मी संध्याकाळी राजापेठेत गेले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा अळू विकत आणलं. एक जुडी, बारा पानं. भाजीवालीला वीस रुपये दिले.